घर बंद, बाळ एक

पोलिओच्या मोहिमेत रविवारी बूथ असतो आणि सोमवारपासून घरोघर फिरणं. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळालेला असला की दारावर खडूनं पी लिहायचं, एखादं राहिलं असेल तर एक्स. एक्सच्या घरी दुसऱ्या दिवशी परत जायचं, राहिलेल्या बाळाला दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची आणि मग एक्सचं पी करायचं. चौदा वर्षं मी नर्स आहे. हे काम मी झोपेतही करीन.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. ती सगळ्यांना ठाऊक असते, बोलत कोणी नाही. ज्या तक्त्यात सगळीच घरं पी असतात, त्याच्यावर साहेबांचा संशय बसतो. "दोनशे घरांत एकही दार बंद नव्हतं? तेजल मॅडम, घरी बसून भरलात काय?" म्हणून आम्ही मनानेच एखादं एक्स ठेवून देतो, चवीपुरतं मीठ घालावं तसं. घर बंद, बाळ एक. दुसऱ्या दिवशी त्याचं पी करून टाकलं की कोणाचं काही बिघडत नाही.

त्या सोमवारी चिखलोलीतल्या नव्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी आणि आमची आशा सेविका गयाबाई सहा मजले चढलो. तिथे गयाबाईनं गुडघा धरला आणि माझंही डोकं चढलं होतं. वरचे मजले रिकामेच असणार असं मी धरून चालले, नवीनच तर इमारत. खाली येऊन पायरीवर बसून तक्ता पुरा केला. ७०४. घर बंद, बाळ एक. वयाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून अकरा महिने. मुलगी. नावाच्या जागी नुसतं 'बाळ'.

मंगळवारी लिफ्ट चालू होती. सातव्या मजल्यावर जाऊन दारावर पी लिहायचं आणि निघायचं, एवढंच काम. पण ७०४ च्या दारावर आधीच खडूनं एक्स काढलेलं होतं. खाली एकचा आकडा आणि सोमवारची तारीख. इंग्रजी सात काढताना मी मध्ये आडवी रेघ मारते, शाळेपासूनची खोड आहे. त्या तारखेतल्या सातलाही रेघ होती.

"तू लिहिलंस?" मी गयाबाईला विचारलं.

"मी कधी वर आले? माझा गुडघा तुमच्यासमोरच धरला की."

मी बेल दाबली. दार एका म्हातारीनं उघडलं. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत हिरवं गोंदण. ही इमारत उभी आहे ती जमीन यांचीच, त्या बदल्यात हा फ्लॅट मिळालेला. नाव सगुणाबाई.

"पोलिओवाले, आजी. घरात लहान मूल आहे का?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नव वरसं झाली माजे पोराचे लग्नाला. आमचे घरान बाल नाय. ह्ये कोनी लिवलं? मस्करी करताव?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक झाली म्हणत मी पिशवीतलं फडकं काढलं. तेवढ्यात आतून सून आली, ओले हात गाऊनला पुसत. तिशी उलटलेली, डोळ्यांखाली जागरण.

"पुसू नका, मॅडम," ती हळूच म्हणाली. "आत्ता झोपलीय."

सगुणाबाई फरशीकडे बघत राहिली. "सून हाय, विनिता," ती म्हणाली. "काल सांजपासून अशी…" तिच्या मागून, घरातून एक वास आला. बाळानं दूध ओकल्यावर दुपट्याला येतो तो आंबूस वास. चौदा वर्षं मी त्या वासात काम करतेय, तो ओळखायला मी चुकणार नाही.

लिफ्टमध्ये गयाबाई म्हणाली, "त्या घरात पोर आहे."

"आवाज ऐकलास?"

"नाही ऐकला. पण म्हातारी शेवटी झोपलेल्या पोराजवळ बोलावं तशी हळू बोलायला लागली ना, तिला कळतही नव्हतं."

मी तिला गप्प बसवलं. नवससायास करून थकलेली बाई, डोक्यावर परिणाम झाला असेल, असं स्वतःला समजावलं. तरी दोन दिवस हातून धड काही होईना. चहा उतू गेला, सह्या चुकल्या. माझ्या एका खोट्या ओळीनं त्या बाईची जुनी जखम उकरली होती आणि ते मला खात होतं.

गुरुवारी आमच्या केंद्रात लसीकरण असतं. पंचवीस-तीस बायका, रडारड, पाय ठेवायला जागा नाही. त्या रांगेत विनिता बसली होती. हातावर गुलाबी दुपट्याची गुंडाळी, कोपर उंच धरून, डोकं सांभाळायला धरतात तशी. शेजारच्या बाईनं गुंडाळीकडे वाकून चुटकी वाजवली आणि हसली. तिला काय दिसलं हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

तिचा नंबर आला. "थेंब राहिलेत हिचे," ती म्हणाली. "सोमवारी तुम्ही वर आलाच नाहीत."

"विनिता, घरचं कोणी आलंय का सोबत?"

"द्या ना मॅडम. बाकीच्यांना देता तसेच द्या."

मागून बायका ओरडायला लागल्या होत्या. दोन थेंबांनी तिचं समाधान होत असेल तर जाऊ दे, असं म्हणून मी बाटली गुंडाळीवर धरली. आत कोणी नव्हतं, दुपट्याच्या घड्या मला स्पष्ट दिसत होत्या. एक थेंब सोडला. मग दुसरा.

कापडावर डाग पडला नाही.

मी बोट लावून पाहिलं. दुपटं कोरडं होतं. आणि कोमट.

विनितानं दुपट्याची एक कड बाजूला केली. "करंगळी," ती म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं आणि "पुढची" म्हणून ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती उठली, पण जाता जाता टेबलाशी वाकली.

"पी करा हं नक्की. पी झालं की मग कोणी पुसणार नाही ना तिला?"

मला तिची दया आली. आणि त्याहून जास्त भीती वाटली.

शुक्रवारी तक्ते वर पाठवायचे होते. एकही एक्स शिल्लक चालत नाही. एक तर पी करायचं, नाही तर ओळ रद्द करायची.

"पी करा," गयाबाई म्हणाली. "आपलं काय जातंय?"

"नसलेल्या बाळाला पाजलं म्हणून लिहू?"

"इतकी वर्षं काय लिहीत होतात?"

मी भडकले. पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. शेजारी लिहिलं, 'चुकीची नोंद', आणि सही केली. चौदा वर्षांत त्या तक्त्यावर मी इतकं खरं काही लिहिलं नव्हतं. घड्याळात चार वाजले होते. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

शनिवारी सकाळी केंद्राचं दार उघडून बसते तोच सगुणाबाई आली. एकटीच. छातीशी गुलाबी दुपटं होतं.

"विनिता कुठाय?"

"घरान हाय. भिंतीला टेकून बसलीय." ती थांबली. "अंगावरचं दूध थांबत नाय तिचं. पदर पिळून पिळून हात दुकले माजे."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"काल चार वाजता," ती म्हणाली. "दारावरचं लिवलेलं पन तवाच गेलं."

"आजी, ते बाळ… तसं काही नव्हतंच. मी खोटं लिहिलं होतं. मी चुकले."

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. रडलीही नाही.

"स्मशानान चिट्टी मांगतान," ती म्हणाली. "बारीक बाल पुरायचं तरी चिट्टी लागतं. आमचेकडं तिचा काय कागुद नाय. तुजेच कागदावर व्हती ती. तूच दे."

आणि तिनं दुपटं माझ्या हातात दिलं.

मी ते टेबलावर ठेवून घडी घडी उलगडलं. आत काही नव्हतं. सगुणाबाईनं ते पुन्हा नीट गुंडाळलं, डोक्याकडची बाजू आधी, मग पायांची.

चिठ्ठी लिहायला टेबल मोकळं हवं म्हणून मी ती हलकी गुंडाळी उचलून शेजारच्या बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली. आकडे चढत गेले आणि आठ किलो दोनशेवर थांबले.