पाच नंबरच्या खाटेपाशी पडणारा सिग्नल

यातला एक शब्दही पदरचा नाही. हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय.

उंचीमुळे घरात सगळे त्याला अँटेना म्हणतात. त्याचं कामही तसलंच, इमारतींमधला वायफायचा सिग्नल मोजायचं.

रविवारची भर दुपार होती. हॉस्पिटलचा दुसरा मजला, रिकामा केलेला वॉर्ड.

तीन आठवड्यांपूर्वी तिथे पाच नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. त्यांच्या मशीनचा इशारा वायफायवरून नर्सच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नव्हता. आणि त्या वॉर्डचा सिग्नल उत्तम असल्याच्या कागदावर सही होती अँटेनाची.

फेरमोजणीलाही त्यालाच पाठवलं होतं.

या कामाचा एक नियम आहे. प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून मोजायचं, कारण माणसाचं अंगच सिग्नल अडवतं. राउटरकडे पाठ केली की आकडा पडतो. पहिल्या वेळी अँटेनाने घाईत एकच दिशा मोजली होती, राउटरकडे तोंड करून. बाकीचे तीन आकडे अंदाजाने ठोकून दिले होते. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

तो पाच नंबरपाशी उभा राहिला. राउटरकडे तोंड. समोर मोकळी फरशी.

सिग्नल... पडलेला.

मधे एक माणूस उभा राहिल्यावर पडतो, बरोबर तेवढाच.

तो दोन पावलं डावीकडे सरकला. आकडा चढला. मग हळूहळू... पुन्हा तेवढाच पडला.

"सिस्टर, आत कोणी आलंय का?"

"कोण येणार? मी दारातच बसलेय की," बाहेरून उत्तर आलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उरलेल्या दिशा न मोजताच त्याने जुने आकडे परत उतरवले, सही केली आणि धूम ठोकली. दोष मशीनवर गेला. अँटेनाची नोकरी वाचली.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे वायफाय बघायला आला.

"बाजूला हो रे, मधे येतोयस."

मी भिंतीला जाऊन टेकलो. त्याने आकडा पाहिला. मी बाजूला होऊनही तो तेवढाच पडलेला होता.

मग त्याने मला सगळं सांगितलं. आणि राउटरकडे बघत अगदी हळू म्हणाला,

"आजोबा... चुकलं माझं. सरका ना आता."

मी स्क्रीनवर पाहिलं.

आकडा... आणखी पडला.

"कोणाला बोलू नकोस," एवढंच तो जाताना म्हणाला. त्या आजोबांच्या घरच्यांना मी अजून काही कळवलेलं नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या हॉलमधला सिग्नलही अजून सुधारलेला नाही.