बरं व्हायची घाई

डब्याचं झाकण काही केल्या निघेना. शनिवार पेठेत वासंतीताई वैद्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून प्रियदर्शनी त्याच्याशी झटत होती. दोन हजार सहाचा पावसाळा. चिकुनगुन्याचा ताप उतरून दहा दिवस झाले, तरी बोटं वळत नव्हती... आणि तीन आठवड्यांनी कंपनी तिला अमेरिकेला पाठवणार होती. वाशीमहून आलेल्या या पोरीचा तो पहिलाच विमानप्रवास!

"द्या इकडे," शेजारचा तरुण म्हणाला. त्यानं जोर लावला, ओठ चावले, लालबुंद झाला—आणि डबा परत दिला. "मलाही चिकुनगुन्याच झालाय."

ती इतकी हसली, की गुडघे ठणकले.

शेवटी झाकण वासंतीताईंनीच काढलं. आतली मेसची झणझणीत उसळ बघून त्या म्हणाल्या, "छान! आजारपणाची हौस फिटली नाही वाटतं? आठवडाभर तांदळाची पेज, वर जरा तूप आणि सुंठ. मग मुगाचं कढण, मग मऊ भात. तेही भूक लागली तरच."

"पण मला लवकर ताकद—"

"विझत्या चुलीत ओंडके कोंबून जाळ होत नाही, बाई."

कर्वेनगरच्या मेसमध्ये पेज कोण करणार? तो तरुण, पृथ्वीराज, धायरीचा. घरची गुलाबांची रोपवाटिका. "आई माझ्यासाठी करतेच," तो म्हणाला. "मूठभर तांदूळ जास्त टाकेल."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला तो तिच्या दारात गरम डबा घेऊन हजर. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "गाडी कुठं लावता?"

"क्लच कुठं दाबता येतोय? दोन बस बदलून येतो."

त्या दिवशीच्या पेजेला उगीचच जास्त चव होती.

पेजेचं कढण झालं, कढणाचा मऊ भात. 'तुम्ही'चं 'तू' झालं. जिना चढताना दम लागेना. जीव मात्र थाऱ्यावर राहीना. आठ वाजायच्या आत चारदा गॅलरीत चक्कर! बरं वाटलं, की जायचं होतं... आणि बरं तर रोजच वाटत होतं.

पुढच्या तपासणीला तिनं ठोकून दिलं, "भूकच लागत नाही, ताई."

वासंतीताईंनी जीभ पाहिली, नाडी पाहिली. "खोटं बोलण्यावर माझ्याकडे चूर्ण नाही. उद्यापासून पोळी-भाजी खा. आणि तो बाहेर उभा आहे ना, त्याच्याशी काय ते बोल."

बाहेर भुरभुर सुरू होती.

"काय म्हणाल्या?" पृथ्वीराजनं विचारलं.

"मी बरी झाले."

"वा... छान झालं." त्याचा चेहरा मात्र पडला.

"एवढंच?" ती उसळली. "सोमवारी विमान आहे माझं!"

"काय बोलू? थांब म्हटलं तर तुझं नुकसान. जा म्हणवत नाही."

"मग मीच बोलते. मला तू आवडतोस."

तो पायरीवर मटकन बसला.

"सांधे धरले का रे?"

"नाही गं..." तो हसला. "किती दिवस तिकडे?"

"सहा महिने."

"जाऊन ये. पण आलीस की धायरीला यायचं. जेवायला नाही—राहायला."

"आईंना विचारलंस?"

"तिनंच विचार म्हणून सांगितलं. गेल्या आठवड्यात, बुधवारी. मलाच धीर होईना."

"म्हणजे नऊ दिवस वाया घालवलेस!" तिनं त्याला हाताला धरून उठवलं. "तीनच उरलेत आता. चल."

कुठं, ते त्यानं विचारलं नाही. दोघं भिजत नदीच्या दिशेनं चालू लागले.