हॅलमच्या डायरीतलं पान

"शुक्रवारी मला काढून टाकणार आहेत," मृदुला म्हणाली. "वर्क व्हिसा याच नोकरीवर आहे. नवरा, मुलगी, सगळे त्याच्यावरच. जायचं कुठं आम्ही?"

ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका गोदामाच्या माडीवर पुरुषोत्तम दांडेकरांचा क्रिकेटसंग्रह होता. खिडक्या न उघडणाऱ्या, दाराची एकुलती एक किल्ली संग्रहाच्या नोंदी ठेवणाऱ्या मृदुलाकडे. खासगी तपासनीस वसुंधरा नाडगौडांनी खुर्ची ओढली. सोबत त्यांचे शेजारी, फार्मासिस्ट बाळासाहेब. आपल्याला क्रिकेटमधलं सगळं कळतं, असं ते स्वतःच सांगत.

प्रकरण एका पानाचं होतं. एडविन हॅलम हा इंग्लंडातला हौशी खेळाडू, म्हणजे पोटासाठी नव्हे, आवडीनं खेळणारा. १८७८च्या एका सामन्यात पंच गप्प असतानाही तो 'आपण बाद आहोत' म्हणत स्वतःहून परतला, अशी त्याची ख्याती. पुढे तो ऑकलंडला येऊन वारला. त्याची डायरी मार्चमध्ये दांडेकरांना मिळाली. आणि आता जुनी पुस्तकं बांधून देणारा ग्रॅहम म्हणत होता, त्या सामन्याचं पान बनावट आहे. डायरीच्याच शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून मधे चिकटवलंय.

वसुंधराबाईंनी पान वाचलं. 'ओव्हरच्या सहाव्या चेंडूला माझ्या बॅटची कड लागली. पंच गप्प राहिले. मी परतलो.'

संशय आपल्यावरही आहे म्हणून ग्रॅहम वैतागला होता. "मी चिकटवलं असतं तर डिंकाचा डाग दिसलाच नसता. स्वीट ॲज, एकदम फक्कड झालं असतं!"

मृदुलाने आपली नोंदवही पुढे केली. समासात तिच्या शंका होत्या. 'लॉब म्हणजे काय? स्टोनवॉलर कोण? चार चेंडूंत ओव्हर संपते? ग्रॅहमला विचारलं, हो म्हणाला.'

"किल्ली हिच्याकडे," बाळासाहेब कुजबुजले. "वसुंधराताई, आणखी काय हवं?"

तेवढ्यात मृदुलाचा नवरा इंद्रनील आला. लोगो आणि अक्षरं रेखाटणारा डिझायनर. "रोज न्यू लिनच्या घरून हिला न्यायला येतो. हिचं आवरेपर्यंत डायरी चाळत बसतो."

"हॅलमवर तुमचं पुस्तक आहे म्हणे?"

"जानेवारीतच पुण्यात छापलं. जुन्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून." त्याने अभिमानाने सुरुवात वाचली. "षटकाचा सहावा चेंडू. बॅटची कड. पंच गप्प. आणि हॅलम चालू लागला..."

"वा! काटा आला अंगावर," बाळासाहेब म्हणाले.

"डायरीशी जुळलं?"

"तंतोतंत."

वसुंधराबाईंनी दांडेकरांनाही बोलावून घेतलं.

"बाळासाहेब, ओव्हरमध्ये चेंडू किती?"

"सहा! म्हणून तर षटक."

"तो मराठी शब्द. १८७८ साली इंग्लंडात ओव्हर चार चेंडूंची होती. हॅलमला सहावा चेंडू दिसणंच शक्य नाही. ग्रॅहमला हे ठाऊक आहे, मृदुलालाही. आणि वर्तमानपत्रातही सहावा चेंडू असणार नाही. तो आधी पुस्तकात पडला आणि मग डायरीत. पुस्तक खोटं ठरू नये याची गरज एकाच माणसाला होती, आणि अक्षराची नक्कलही त्यालाच जमते."

इंद्रनीलने बॅगेतून घडी केलेला कागद काढला. "हे मूळ पान. फाडवेना मला."

मृदुलाने तो मोठ्याने वाचला. 'कड लागली होती. कुणाला कळलं नाही. वडील समोर बसले होते. मी जागचा हललो नाही. पेपरात मात्र मी स्वतःहून परतलो असं छापून आलं. आता जन्मभर गप्पच राहायला हवं.'

दांडेकर घसा खाकरून म्हणाले, "मृदुला, माफ कर गं. नोकरी तुझीच आहे."

तिने मान हलवली, पण तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं.

"आठवडाभर रोज मला विचारत होतास, काही सापडलं का. चहा करून देत होतास."

"आधी पुस्तकापायी केलं. मग तुझ्यावर आलं, तेव्हा बोलायचं धाडस होईना. घरी चल, सांगतो सगळं."

"मी हे पान नोंदवून येते. तू इराला शाळेतून घे," मृदुला म्हणाली. "आणि आई आठवडाभर का रडत होती, ते तिला तूच सांग."