पांढरीतले शिंपले

"मंथन, थांब! शिंपले! नदीपासून एवढ्या लांब?"

स्वरूपा खणलेल्या टेकाडाखाली गुडघ्यांवर बसली. दोघं भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत कंग्राळीला महादेवकाकांकडे आली होती. काकांना सगळे आप्पाच म्हणत. आप्पांचा जेसीबी कालपासून पांढर खणत होता. पांढर म्हणजे जुन्या, मोडलेल्या वस्तीची राखट माती. पिकाला खतासारखी, म्हणून पावसाआधी ती शेतात पसरायची, ही गावाची रीतच!

उभ्या कापात पट्टे दिसत होते.

"तळाला चूल, शेजारी शिंपले. म्हणजे नदी तेव्हा इथूनच जायची!" मंथन म्हणाला. "वर नुसता कोळसा."

"रान जाळून शेतं केली असणार! आणि त्यावर हा हातभर गाळ. झाडं गेली, डोंगर धुपला, नदी बुजून पलीकडे सरकली!"

"मग माणसं कुठं गेली?"

दोघांनी वर पाहिलं. गाळाच्या वर काहीच नव्हतं. त्याच्या वरचा थर कालच खणून शेतात गेला होता.

दोघं आप्पांकडे धावली. "आप्पा, रचनाताई उद्या येतायत बेळगावहून! जुन्या वस्त्यांचाच अभ्यास करतात त्या. एवढं राहू द्या ना!"

"आन् पाऊस थांबतोय व्हय तुमच्या ताईसाठी? दुपारनं सगळं सपाट!"

"पण आज सोमवार, बसवाण्णाचा, नंदीचा वार! आज बैल जुंपत नाहीत ना?" स्वरूपा म्हणाली.

"जेसीबीला शिंगं हायत व्हय गं?" आप्पा हसत जेवायला गेले.

दोघं गोठ्यात पळाली. झूल, घुंगरमाळ, कुंकू! बघता बघता जेसीबी बैलासारखा सजला.

जेसीबी चालवणाऱ्या मष्णूअण्णानं जेवून आल्यावर यंत्र पाहिलं आणि चपला काढून हात जोडले. "बसवाण्णाच केलासा की रं! आज किल्ली लावायची न्हाय, मालक."

"लोखंडाला कसली सुट्टी?" आप्पा ओरडले.

"मग तुमीच चालवा."

आप्पांना कुठं येत होतं!

दुसऱ्या दिवशी रचनाताईंनी दोघांचं ऐकत कापातला एकेक पट्टा तपासला. "शाब्बास! अगदी बरोबर वाचलंत."

"आमची पोरं हायत!" आप्पांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली.

"पण ताई, माणसं परत आली का?" स्वरूपानं विचारलं.

"ते वरच्या थरात कळलं असतं."

आप्पांचा चेहरा उतरला. ते शेतात गेले आणि ओंजळभर माती घेऊन आले. राख, खापरांचे तुकडे, गवताची मुळं, सगळं एक झालेलं.

"ह्यातनं हुडकता येतंय का बघ की, पोरी."

स्वरूपानं ओंजळीतून एक खापर उचललं. त्याला राखही चिकटली होती, मुळंही; वरचं कुठलं, खालचं कुठलं, ओळखूच येईना.