नसलेल्या डब्याचा दोष

पंखे थांबले तेव्हा सभागृहात चाळीसेक इलेक्ट्रिकल इंजिनिअर बसले होते, आणि एकही जागचा उठला नाही.

खोटं वाटेल, पण अगदी असंच झालं. २००३ चा एप्रिल, दौंडचं ऊन, रेल्वे कॉलनीजवळचं मंगल कार्यालय आणि ‘शिरूर-दौंड विद्युत अभियंता मित्रमंडळा’ची मासिक बैठक. बैठक एक महिना शिरूरला, एक महिना दौंडला, आणि नेहमी गुरुवारी, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. लाईट गेली तशी चर्चा रंगली. वीज मंडळातले म्हणाले, आमची जबाबदारी मीटरपर्यंत. कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, हे वायरिंग आमचं नाही, आमचं असतं तर लाईट गेलीच नसती. कारखानेवाल्यांना एवढ्याशा लोडमध्ये हात घालणं कमीपणाचं वाटत होतं. आणि रेल्वेवाले म्हणाले, गाडीत असतं तर बघितलं असतं!

माझं डोकं आधीच तापलं होतं. दारातच एका गृहस्थांनी विचारलं होतं, “मॅडम, तुमचे मिस्टर कुठल्या कंपनीत?” मी म्हणाले, “मीच कंपनीत आहे.” तर त्यांनी मला महिलांसाठी राखलेल्या खुर्च्या दाखवल्या. त्या सगळ्या रांगेत मी एकटीच होते.

शेवटी मीच उठले आणि मागच्या व्हरांड्यात मेन बोर्ड शोधायला गेले. तिथे आधीच कुणीतरी उभं होतं. सडपातळ, सावळा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसत बोर्डाकडे असा बघत होता, जणू बोर्डाने त्याची काहीतरी खोडी काढली होती.

“टेस्टर आहे का तुमच्याकडे?” मी विचारलं.

“आहे.” त्याने खिशावर हात ठेवला. “पण देत नाही. मागच्या बैठकीत दिला तो अजून परत आला नाही.”

“मी काय चोर दिसते?”

त्याने तेव्हा कुठे माझ्याकडे नीट पाहिलं. मग टेस्टर काढून माझ्या हातावर ठेवला. “तशा दिसत नाही... पण सांगता येत नाही.”

चहाचा बॉयलर, दोन कूलर, लाऊडस्पीकर आणि स्टेजवरचे हॅलोजन, सगळं एकाच फेजवर लावून ठेवलं होतं. फ्यूज वितळला नसता तरच नवल. मेन बंद करून आम्ही दोघांनी नवा फ्यूज बांधला आणि लोड वाटून टाकला. मी वायर धरायची, त्याने स्क्रू आवळायचा. एकदा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली तर तो इतका दचकला की मीच म्हणाले, “मेन बंद आहे हो.”

“माहीत आहे,” तो पुटपुटला. “म्हणूनच तर...”

पुढे काय ते त्याने सांगितलंच नाही. पंखे फिरले. आत टाळ्यांचा कडकडाट झाला, पण तो आमच्यासाठी नव्हता. नेमके त्याच क्षणी मंडळाचे अध्यक्ष चांगदेव आप्पा भाषणाला उभे राहिले होते.

त्याचं नाव मुनाफ मुलाणी. रेल्वेत ट्रेन लायटिंगला होता, म्हणजे डब्यांतले दिवे, पंखे आणि खालच्या बॅटऱ्या त्याच्याकडे. मी शिरीन तांबोळी, रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. चहा पिताना आम्ही एकमेकांचे ऑफिसचे नंबर घेतले. मंडळ होतंच त्यासाठी, ओळखी वाढाव्यात म्हणून. टेस्टर मात्र माझ्याच पर्समध्ये राहिला, आणि तो चुकून राहिला असं मी शपथेवर सांगणार नाही.

दोन-तीन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, केबिनमधला फोन वाजला.

शेजारच्याच टेबलावर आमचे मॅनेजर पोपटराव ढमढेरे डबा खात बसलेले. माणूस देवासारखा, पण कान भलते तिखट. पलीकडून मुनाफ म्हणाला, “टेस्टरची चौकशी करायला फोन केलाय. त्याला करमतंय का?”

मी घसा खाकरला. “हां, बोला मुलाणी साहेब. काय प्रॉब्लेम आहे?”

तो क्षणभर गोंधळला. मग समजला. “शेजारी साहेब आहेत?”

“बरोबर.”

“मग... आमच्या एका डब्याची बॅटरी चार्ज होत नाही. रात्रभर जागत असते.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून.”

गालावर आलेलं हसू लपवायला मी खिडकीकडे तोंड फिरवलं. “कनेक्शन तपासलंत?”

“तेच तपासायला फोन केला,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो डबा आमच्यात राहायला आला. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा त्याची विचारपूस व्हायची. मी म्हणायचे, “आज व्होल्टेज कसं आहे?” तो म्हणायचा, “सकाळी पडलं होतं, तुमचा आवाज ऐकून जरा चढलं.” मी म्हणायचे, “डायनमोचा पट्टा घसरतोय का बघा.” तो म्हणायचा, “पट्टा नाही, माणूस घसरतोय.” आणि मला अगदी गंभीर चेहऱ्याने “हो, हो, शक्यता आहे” म्हणावं लागायचं. एका महिन्यात शिरूर, दुसऱ्या महिन्यात दौंड. बैठकीत मात्र आम्ही चार खुर्च्या सोडून बसायचो आणि व्याख्यान संपेपर्यंत एकमेकांकडे न बघण्याचे कष्ट घ्यायचो. दौंडहून न्हावऱ्यामार्गे परतणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलं की मी उगाचच हसायचे. मला तो आवडत होता. फार आवडत होता. पण ना त्याने तसं म्हटलं, ना मी. डब्याच्या आडून बोलणं इतकं सोपं झालं होतं की डबा बाजूला सारायची भीतीच वाटायला लागली.

ऑक्टोबरच्या बैठकीत पोपटराव उभे राहिले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

“मंडळी, आमच्या तांबोळी मॅडम आन् दौंडचे मुलाणी साहेब, दोघं मिळून एका लई इचित्र फॉल्टवर काम करत्यात. सहा महिने झालं! रेल्वेचा मानूस आमच्या कंपनीला इचारतोय, ही काय साधी गोष्ट हाय का? पुढच्या महिन्यात शिरूरला या दोघांचं व्याख्यान ठेवा, अशी माझी सूचना.”

टाळ्या वाजल्या. चांगदेव आप्पांनी तिथल्या तिथे तारीख जाहीर केली. मी मुनाफकडे पाहिलं. तो आधीच माझ्याकडे बघत होता.

एवढ्यावर भागलं नाही. शिरूरच्या बाजारपेठेतल्या अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन पोपटरावांनी त्यांनाही आवर्जून आमंत्रण दिलं. अब्बा संध्याकाळी घरी आले ते नव्या शर्टाचं कापड घेऊनच. “मेरी बेटी का भाषण है,” एवढंच म्हणाले. पोरीला कशाला एवढं शिकवता, असं सगळ्या नातेवाइकांनी म्हटलं होतं तेव्हा हा माणूस कुणाला उलट बोलला नव्हता. त्याने फक्त माझी फी भरली होती. आता त्यांच्यादेखत कळणार होतं की त्यांची इंजिनिअर मुलगी सहा महिने कंपनीच्या फोनवर गप्पा मारत होती. आणि मंडळात? तिथे तर लोक म्हणणारच होते, बघा, म्हणून येत होती बाई बैठकांना. एवढ्या कष्टाने कमावलेलं नाव एका दुपारी जाणार होतं.

मुनाफ मला शिरूरच्या स्टँडवर भेटायला आला. परतीचा पाऊस नुकताच सांडून गेला होता. रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो खरे, पण रस प्यायची इच्छा दोघांनाही नव्हती.

“खोटा फॉल्ट रचून सांगूया,” मी म्हणाले. “तुम्हाला नाही का जमायचा?”

“समोर चाळीस जण असणार. पहिल्याच प्रश्नाला पकडतील.” तो माझ्याकडे वळला. “तुम्ही काही बोलू नका. मी बघतो. तुमच्या नावाला काही लागणार नाही, शिरीन...”

मॅडम न म्हणता त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं. काय बघणार, हे विचारायचं मी त्या नादात विसरून गेले.

व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला होता. नवा शर्ट घातलेले अब्बा शेवटच्या रांगेत ताठ बसले होते. पहिल्या रांगेत मुनाफचे साहेब होते, दौंडहून खास आलेले. त्याच्या बढतीचे कागद त्यांच्याच टेबलावर आहेत, हे मला माहीत होतं.

मुनाफने हातात खडू घेतला आणि फळ्याकडे पाठ करून म्हणाला, “फॉल्ट असा काही नव्हता. बॅटरीच्या वायरी मीच उलट्या जोडल्या होत्या. प्लस कुठलं आणि मायनस कुठलं, यात माझा घोटाळा होतो. तांबोळी मॅडमनी सहा महिने मला फोनवर न कंटाळता समजावलं. या कामाचं सगळं श्रेय त्यांचं.”

हॉलमध्ये हशा पिकला. दौंडचे त्याचे सोबती एकमेकांकडे बघू लागले. अडलेल्या गाडीला हाच माणूस लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. चांगदेव आप्पा चष्मा काढून म्हणाले, “मुलाणी, सहा महिने? आरं, आयटीआयचं पोरगं पन सांगंल की हे!” पुन्हा हशा. मुनाफ हसत होता, मान खाली घालून. त्याचे साहेब मात्र हसत नव्हते.

माझं नाव वाचलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. पण त्याला असं हसून घेताना बघणं... नाही, ते मला जमण्यातलं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा, माझा, त्या हसणाऱ्या सगळ्यांचा. मी उभी राहिले.

“आप्पा, ते खोटं बोलतायत.”

साऱ्या माना माझ्याकडे वळल्या.

“वायरी कुणीच उलट्या जोडल्या नाहीत. असा डबाच नाही. यांच्यासारखा कामाचा माणूस तुमच्या अख्ख्या मंडळात शोधून सापडायचा नाही. ते फोन... ते फोन त्यांनी माझ्याशी बोलायला केले होते. आणि ते यावेत असं मला वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीतच बोललो. माझं काम कधी मागे पडलेलं नाही, ते ढमढेरे साहेबांना विचारा. आता कुणाला हसायचं तर मला हसा.”

कुणीच हसलं नाही. पोपटराव तोंडावर हात ठेवून बसले होते. मग त्यांच्या तोंडून निघालं, “आन् म्या रोज जेवताना त्या डब्याची काळजी करायचो की हो!”

आप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बघितलं, मुनाफकडे बघितलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “व्याख्यान संपलं. आता प्रश्नोत्तरं. कुनाला काय इचारायचंय?”

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला. तो अब्बांचा होता.

“म्या मेंबर न्हाई,” अब्बा म्हणाले. “इचारू का?”

“इचारा की, सत्तारभाई.”

अब्बा उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि मुनाफकडे बघत म्हणाले, “कंपनीचा फोन सहा महिने कशापायी अडवला, साहेब? आमच्या घरी फोन न्हाई व्हय? हाय की. नंबर लिवून घ्या.”

मुनाफच्या हातात खडू होताच. अब्बा एकेक आकडा सावकाश सांगत गेले आणि तो फळ्यावर लिहीत गेला. शेवटचा आकडा तर त्याने पुसून पुन्हा काढला. आता टाळ्या पडल्या. त्याचे साहेब सगळ्यात जोरात वाजवत होते. आणि फळ्यावर काही लिहिलं की उतरवून घ्यायची सवय असलेल्या त्या चाळीस इंजिनिअरांनी खिशातली पेनं काढून नंबर लिहून घेतला.

याचा परिणाम काय होईल ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरचा फोन वाजायला लागला. मी धावत जायचे. कधी केंदूरहून कुणाची पाण्याची मोटार जळालेली, कधी एमआयडीसीतल्या कुणाच्या तीन मोटारी वाइंडिंगला टाकायच्या. सत्तारभाई तांबोळींचा नंबर आता दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांकडे होता. अब्बांची चैन चालली होती. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता, कारण ज्याच्यासाठी नंबर दिला त्याचाच फोन येत नव्हता. रविवार गेला, सोमवार गेला. कंपनीतही फोन नाही. बुधवारी रात्री मी अम्मीशी विनाकारण भांडले आणि न जेवता झोपले.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. मुनाफ उभा होता, घामाघूम. मागे बुरख्याचं टोक सावरत त्याची आई, खातूनबी, हातात मिठाईचा पुडा.

“पहिल्या एसटीने आलो,” तो म्हणाला. “सहा दिवस... जेव्हा लावावा तेव्हा एंगेज! आणि कंपनीचा फोन आता अडवायचा नव्हता.”

“मग कशाला आलात?” मी म्हणाले. डोळे भरून आले होते, तरी आवाज मुद्दाम कडक ठेवला.

त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. “तुमच्याशी लग्न करायचंय म्हणून. आता निमित्त शोधायचा कंटाळा आलाय.”

“मलाही,” मी म्हणाले, आणि खातूनबींच्या हातातला पुडा घेऊन त्यांना आत बसवलं.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. अब्बा उठले, त्यांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला न लावताच टेबलावर आडवा ठेवून दिला. मग पाहुण्यांसमोर येऊन बसले.