पडद्यामागे कोणीतरी झोपलंय

हे घडलेलं आहे. माझ्या थोरल्या दिरांच्या बाबतीत. मी शाळेत विज्ञान शिकवते, ऐकीव गोष्टी पुढे ढकलायची मला सवय नाही. पण यातला शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय.

रात्र नव्हती. थंडीतली दुपार होती. हायवेलगतचं ट्रकचं पार्किंग, आणि वर लख्ख ऊन.

भाऊजी ट्रक चालवतात. आधीच्या कंपनीत त्यांना ड्रायव्हर म्हणत नसत, ‘स्वतंत्र ठेकेदार’ म्हणत. कामाच्या वेळा कंपनी ठरवणार, रस्ता कंपनी ठरवणार, ट्रकचे हप्तेही कंपनीच कापून घेणार. आजारी पडलात की मात्र तुम्ही स्वतंत्र.

तिथे त्यांचा एक जोडीदार होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याच्या घोरण्याच्या शेवटी एक बारीक शीळ वाजायची. याच्या नाकात कुकर बसवलाय, असं भाऊजी चिडवायचे. मग तीन शिट्ट्या झाल्या की उठव, असं तो म्हणायचा.

एकदा पैलवानाला एकामागून एक फेऱ्या लावल्या. नाही म्हटलं तर पुढचं काम मिळत नसे. सरळ रस्त्यावर, भर दिवसा, त्याचा डोळा लागला आणि तो जागीच गेला.

कंपनी म्हणाली, तो आमचा माणूस नव्हताच.

मग कोणाचा होता, असं भाऊजींनी ऑफिसात जाऊन विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन वाजेनासा झाला. काम गेलं. ट्रकही कंपनीने ओढून नेला.

पुढे कितीतरी महिने ते दारोदार फिरले. जाईल तिथे तेच, ‘स्वतंत्र’. जाऊबाईंनी शिवणकाम वाढवलं. घरात कोणी कोणाशी मोठ्याने बोलेना.

शेवटी गावाबाहेरच्या एका यार्डात मालकीणबाई भेटल्या. वय झालेलं, जाड चष्मा, बोलणं रोखठोक. गाडी माझी, डिझेल माझं, तुम्ही माझे नोकर, असं त्यांनी सांगितलं. पगार, रजा, विमा, सगळं. अट एकच. ठरल्या वेळी गाडी बाजूला लावायची आणि आडवं व्हायचं. झोप चुकवणारा माणूस त्या ठेवत नाहीत.

त्या दिवशी भाऊजी घरी येऊन रडले.

पहिल्याच फेरीत त्यांनी नियमाप्रमाणे त्या पार्किंगमध्ये गाडी लावली. इंजिन बंद केलं. सीटच्या मागे झोपायची गादी होती, तिला पडदा होता. पडद्याला हात लावणार, तेवढ्यात…

मागून घोरणं ऐकू आलं.

संथ. खोल. आणि शेवटी…

शीळ.

भाऊजींनी पडदा ओढला.

कोणी नव्हतं. आवाजही थांबला. पण उशी मधोमध दबलेली होती. गादीवर हात ठेवला तर… गरम.

त्यांनी पडदा पुन्हा लावला. थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं.

मी विचारलं, भीती नाही वाटली? ते म्हणाले, वाटली. पण दमलेल्या माणसाला उठवायचं कसं?

मग दर फेरीला तेच. भाऊजी पुढे स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसायचे. मागे तो झोपायचा. भाऊजींचे डोळे लाल झाले. एकदा माल उतरवताना ते उभ्या उभ्या पेंगले आणि बातमी यार्डात पोहोचली.

मालकीणबाईंनी बोलावलं. ही नोकरीही गेली, हे धरूनच भाऊजी गेले. खोटं बोलून काय मिळणार होतं? मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

मालकीणबाई उठल्या. गुडघे धरत केबिनमध्ये चढल्या. दार लावून घेतलं. बराच वेळ आतच होत्या.

खाली उतरल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“त्यांना झोपू द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दुसरी गाडी घ्या.”

तो ट्रक यार्डाच्या मागच्या भिंतीशी उभा आहे. धंद्याची गाडी, नुसती उभी. तिच्याजवळ कोणी हॉर्न वाजवत नाही.

एका सकाळी मी भाऊजींचा विसरलेला डबा द्यायला गेले. कडाक्याची थंडी होती. बाकीच्या बंद गाड्यांच्या काचा स्वच्छ. या गाडीच्या गादीजवळच्या छोट्या काचेवर मात्र… आतून वाफ.

मी कारणं शोधली. छत गळत होतं का, आत ओल होती का, सगळं पाहिलं. केबिन कोरडी होती.

गेल्या आठवड्यात जुन्या कंपनीचा आणखी एक ड्रायव्हर गेला. तसाच, भर दिवसा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. म्हणाले, “जरा येऊन बघ.”

वाफ आता पुढच्या काचेवरही होती.

मालकीणबाई ऑफिसात गेल्या आणि एक जादा पांघरूण घेऊन आल्या. भाऊजींनी दार उघडलं. त्या वर चढल्या.

मी खालीच थांबले. दार उघडं होतं तेवढा वेळ मी श्वास रोखून धरला होता, हे मला नंतर कळलं.