हुंगलेलं फूल

उज्वलाच्या दुकानात फुलाला नाक लावायची कुणाची टाप नव्हती. महाडच्या बाजारात भाजी दाबून घ्या, मासळीचे कल्ले उचलून बघा, आंबा तर हुंगल्याशिवाय कुणी घेतच नाही. पण उज्वलाकडे एखाद्या नवख्या गिऱ्हाइकानं निशिगंधावर वाकून श्वास ओढला, की ती तेवढी दांडी बादलीतून उपसायची आणि त्याच्याच हातात द्यायची. "न्या घरी, फुकट. देवाला तेवढी वाहू नका, उष्टी झाली." तो बिचारा ओशाळून निघून जायचा.

तिला गर्व होता, आणि का नसावा? फूल निवडावं तर तिनंच. तळाची फुलं नुकती उमललेली आणि वरच्या कळ्या घट्ट मिटलेल्या, अशाच दांड्या ती घ्यायची. गुलाबाचा देठ पाण्यात बुडवून तिरका कापायची, पाण्याखाली जाणारी पानं खुडायची, बादल्या स्वतः घासायची. सेहरा असो की सत्यनारायण, 'उज्वलाचं फूल मान टाकत नाही' असं पार पोलादपूरपर्यंत बोललं जायचं. आणि तसं कुणी समोर बोललं, तर ती ऐकू न आल्याचं सोंग करून पुन्हा बोलायला लावायची.

पण सगळ्यांत मोठा मान माहेरचा, कापडे गावचा. तिथल्या गावदेवीची पालखी निघण्याआधी कौल लावतात, तो उज्वलाच्या फुलांनी. गुरव ओली फुलं देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवं पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. दुसऱ्या कुठल्या माहेरवाशिणीला हे भाग्य नव्हतं. हा मान गेला तर कापड्यात पाऊल ठेवणार नाही, असं ती चारचौघांत सांगून बसली होती.

पालखी जवळ आली होती. एका सकाळी तिनं शटर वर केलं आणि दारातच थबकली. रोज शटर उचललं की आधी निशिगंध बाहेर यायचा, मग ती आत जायची. त्या दिवशी नुसता ओल्या लादीचा वास आला.

फुलं जागच्या जागी होती, ताठ आणि टवटवीत. तिनं जन्मात न केलेली गोष्ट केली. एक दांडी उचलून नाकाशी धरली. काही नाही. कोऱ्या कागदाला नाक लावावं तसं.

शेजारी अमजदचं अत्तराचं दुकान. त्याला तिनं हाक मारली. "अमजदभाय, बघ जरा. मला सर्दी झालीय काय?"

अमजद दारातच उभा राहिला. आत यायला त्यानं जरा वेळ घेतला.

"सर्दी नाय, ताई," तो म्हणाला. "वास उडतो ना, तरी मागं थोडा राहतो. रिकाम्या कुपीत पन राहतो. हितं कायच नाय. कुनीतरी पिऊन गेल्यासारखं हाय."

"काय तरी बोलू नको!"

दुसऱ्या दिवशी गुलाबांचा वास गेला, मग शेवंतीचा. कुलूप शाबूत, शटर शाबूत. मधमाश्या दाराशी यायच्या, घुटमळायच्या आणि परत फिरायच्या. फुलं मात्र अशी टिकू लागली की विचारू नका. साखरपुड्याचे हार कार्य उरकून गेलं तरी खुंटीवर हसत राहिले. गिऱ्हाइकं वाखाणत होती. ते वाखाणणं उज्वलाला गोड लागत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती.

रोज सकाळी बादल्यांमधल्या सगळ्या फुलांची तोंडं एकाच बाजूला वळलेली असायची, तिच्या बसायच्या स्टुलाकडे. एकदा तिनं स्टुलावर हात ठेवला. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं ते कोमट होतं.

पालखीच्या सकाळी तिनं कापड्याला फोन लावायला घेतला. यंदा फुलं दुसरीकडून आणा, एवढंच सांगायचं होतं. मग तिची नजर बादल्यांवर गेली. इतकी देखणी फुलं तिनं आजवर विकली नव्हती. तिनं फोन ठेवला आणि परडी भरली.

मुरारी गुरवानं फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. फुलं हललीसुद्धा नाहीत. त्यानं पुन्हा घातलं. डावं नाही की उजवं नाही. पाणी सुकून गेलं तरी फुलं दगडाला धरून राहिली. ऊन डोक्यावर आलं आणि मंडपात कुजबुज सुरू झाली.

मुरारी वळला. "उजू, गाभाऱ्यात वास नाय गो येत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "फुलं हुंगलीत काय कुनी?"

सगळं गाव तिच्याकडे बघू लागलं. उज्वलाची कानशिलं तापली.

"माझ्या दुकानात माझ्याबिगर कोन नसतं, मुरारीदादा." ती देवीकडे बघत ठणकावून बोलली. "हुंगली असतील, तर हुंगनारी ती मीच. दुसरी कोन नाय!"

उजवं फूल पडलं.

ढोल घुमला. मुरारी तिच्याकडे बघतच राहिला, पण देवीनं कौल दिल्यावर गुरवानं काय बोलावं? मान राहिला. उज्वला पालखीपुढं मनसोक्त नाचली, ओटीचा नारळ घेतला आणि दिवेलागणीला महाडला घरी परतली.

घरात सासू होती, साळूबाई. नजर गेल्यापासून म्हातारी माणसं वासावर ओळखायची. सून उंबऱ्यात आली की 'आली माझी फुलवाली' म्हणायची.



"आई, मान राखला आपला देवीनं," उज्वला चपला काढत म्हणाली.

म्हातारीनं तोंड दाराकडे वळवलं. तिच्या नाकपुड्या हलल्या. पुन्हा हलल्या.

"कोन गो तू?"

"मी. उज्वला."

"शूऽऽ." साळूबाईचा हात शेजारच्या अंथरुणावर सावकाश थोपटत होता. अंथरूण रिकामं होतं. उशी दबलेली होती.

"हळू बोल बाय," ती कुजबुजली. "दमून आलीय माझी सून. आत्ताच डोळा लागलाय तिचा."